आजी बाहेरची आणि वऱ्हाड घरचं? कन्या शाळेच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक,
आमच्या गावची कन्या प्राथमिक शाळा चालवणारी शिक्षण संस्था

महोदय,

मार्चच्या सुरुवातीला रात्री उशिरा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपली सूचना आली. सही होती, शिक्का होता, कारण एका ओळीत उरकलं होतं आणि ग्रुपवर कुणाला उत्तर लिहिता येऊ नये अशी सोय आधीच करून ठेवलेली होती. तिथे बोलता आलं असतं तर हे पत्र चारचौघांत आणावं लागलं नसतं.

ज्यांनी सूचना वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन्ही सत्रांच्या शेवटी शाळेत जो ‘सत्रअखेर पंधरवडा’ होतो, तो कायमचा बंद. त्या दिवसांत मुलींनी सराव प्रश्नपत्रिका सोडवायच्या. शाळेच्या आवारात ‘बाहेरील व्यक्तींना’ मज्जाव. कारण काय, तर मुलींची सुरक्षितता आणि ऊन. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मुलींनी शाळेत यायचं नाही, निकाल मोबाइलवर पाठवला जाईल.

मी याच शाळेत शिकले. माझी मुलगी आता तिसरीत आहे. आमची पिठाची गिरणी आहे आणि शाळेतल्या बऱ्याच मुलींच्या घरचं दळण माझ्याच हातून जातं. कुणाच्या घरी ज्वारी संपून रेशनचे गहू आले, कुणाची माय दोन दिवसांत वेचणीला जाणार, कुणाचं बिऱ्हाड हलणार, हे मला डब्याच्या वजनावरून आणि डबा घेऊन आलेल्या पोरीच्या तोंडावरून कळतं. शिक्षणातली मी तज्ज्ञ नाही. पण आपल्या निर्णयाने कोणत्या घरात काय होणार हे मला आपल्यापेक्षा जवळून दिसतं, म्हणून लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्यापैकी एका संचालकांनी मला गिरणीवरच ऐकवलं, “ताई, नाचगाणी काय, वर्षभर चालूच असतात.” दादा, आपण म्हणता ते स्नेहसंमेलन. ते जानेवारीत होतं. त्यात मंडप असतो, पाहुणे असतात, नारळ, शाली आणि लांबलचक भाषणं असतात. ते बंद केलं असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. त्याला मात्र सूचनेत हात लावलेला नाही.

पंधरवडा ही वेगळीच गोष्ट आहे. पहिल्या सत्रात तो गुलाबाईला धरून येतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे पोरी घरोघर गुलाबाईची मूर्ती मांडतात, संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात, हे खान्देशात कुणाला नव्याने सांगायला नको. शाळेतल्या बाईंनी काय केलं, तर शेवटच्या काही दिवसांसाठी ही गुलाबाई वर्गात आणली. रोज एका मुलीने डबा आणायचा. बाकीच्यांनी डबा हलवायचा, वास घ्यायचा आणि तिला फक्त पाच प्रश्न विचारायचे, ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच. पहिल्या दिवशी पोरी “शेंगदाणे का? फुटाणे का?” असे नेम मारत सुटायच्या. आठवड्याने त्याच पोरी “ते तळलेलं आहे का?” असं विचारायच्या, कारण तेवढ्या एका प्रश्नाने निम्मे पदार्थ बाद होतात हे त्यांना उमगलेलं असायचं. हे कोणत्या विषयात बसतं मला माहीत नाही. पण हा विचार शिकवणारी सराव प्रश्नपत्रिका मी अजून पाहिलेली नाही, आणि आपल्या पाठवलेल्या पुस्तिका मी शेवटच्या पानापर्यंत पाहिल्या आहेत.

यात खाऊपेक्षा मोठी एक गोष्ट आहे. कपाशीची वेचणी नेमकी याच सुमारास सुरू होते. पूर्वहंगामी बागायती कपाशी असेल तर त्याही आधी. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणजे घरातला प्रत्येक हात कामाचा. आठ-नऊ वर्षांची पोर वेचायला गेली नाही तरी बांधावर धाकट्याला सांभाळायला जाते, आणि तिथून शाळेकडे परत वळायला तिला दिवाळीनंतरचा महिना उजाडतो. राज्य सरकारने १९९२ मध्ये दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला आणि तीस वर्षं उलटली तरी तो रुपयाच राहिला. त्या रुपयाने मुलगी शाळेत थांबते असं कुणी म्हणेल का? “उद्या माझा डबा आहे” या एका वाक्याने ती थांबायची. मायशी भांडून थांबायची. मी गिरणीवर ही भांडणं ऐकली आहेत.

गेल्या ऑक्टोबरात आपण आम्हाला न सांगता गुलाबाईचे हे दिवस कापले आणि सराव चाचण्या घेतल्या. तेव्हा आम्ही गप्प बसलो, एका वर्षाची गोष्ट असेल असं समजलो. त्या दिवसांची हजेरी आणि आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांची हजेरी आपण शेजारी ठेवून पाहिली आहे का? हजेरीपट आपल्याच कपाटात आहे.

आता दुसऱ्या सत्राबद्दल. एप्रिलात आपल्याकडे घरोघरच्या धाब्यांवर, म्हणजे सपाट छतांवर, बिबडे (ज्वारीचे पापड), शेवया, कुरडया वाळत असतात. पंधरवड्यातला एक दिवस या बिबड्यांचा. ज्वारी तीन दिवस भिजवून आंबवायची, तिची भरड काढायची, तीळ-लसूण-तिखट घालून घाटा शिजवायचा आणि ओल्या धोतरावर हाताने थापायचा, हे काम गल्लीतल्या आज्या शाळेच्या पटांगणात येऊन करतात. भरड माझ्या गिरणीतून जाते आणि वजनकाटाही मीच घेऊन जाते. मुली कोरडी ज्वारी तोलतात, भिजलेली तोलतात, थापलेला ओला बिबडा तोलतात आणि दुसऱ्या दिवशी वाळलेला तोलतात. मग प्रश्न पडतात. ज्वारी वाढली कशी? मग घटली कशी? गेलं ते कुठे गेलं? आंबट वास का आला? चौथीच्या परिसर अभ्यासात यातलं बरंच आहे. फरक एवढाच, की इथे उत्तर बाईंनाही आधी माहीत नसतं, काट्याने सांगितल्यावरच कळतं.

एका पालकांनी मागे विचारलं होतं, मुलींना शाळेतही बिबडेच का? प्रश्न रास्त आहे आणि मलाही तो पडला होता. म्हणून त्याच पंधरवड्यात सायकलची उतरलेली चेन बसवणं आलं, पोस्टात नेऊन पैसे भरायची पावती लिहिणं आलं, एक दिवस सगळ्या चौथीने माझ्या गिरणीत येऊन मोटारीचा पट्टा आणि मोठ्या-लहान पुलीचं गणित समजून घेणं आलं. बिबडे करता यावेत हा हेतू नाहीच. ते पोरींना घरी शिकायला मिळतातच, नको म्हटलं तरी.

त्या पटांगणात मी एक गोष्ट दरवर्षी पाहते. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुली घरी अहिराणी बोलतात. काही पावरी बोलतात, काही तडवी आदिवासी घरांतल्या आहेत. वर्गात बाईंनी विचारलं की या मुली जमिनीकडे पाहतात. प्रमाण मराठीत वाक्य जुळवेपर्यंत पुढच्या बाकावरची कुणीतरी उत्तर देऊन मोकळी झालेली असते. आजीने घाट्यातली पळी पुढे करून “कोनले येस व?” (कुणाला येतं गं?) म्हटलं, की याच मुलींतून “माले येस!” (मला येतं!) असा आवाज येतो. गेल्या वर्षी असा आवाज दिलेल्या पोरीने पूर्ण वर्गाला घाट्याची कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली आणि मग तीच कृती, बाईंच्या मदतीने, पुस्तकी मराठीत फळ्यावर लिहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून शिकणं, भीती नसणं आणि शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवणं, हे तिन्ही लिहिलेलं आहे. आपल्या पंधरवड्यात कायद्यातलं ते कलम आपोआप पाळलं जात होतं, कुणी ते वाचलेलं नसतानाही.

आणि या आज्या आपल्या सूचनेत ‘बाहेरील व्यक्ती’ झाल्या.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल मी हलकेपणाने बोलणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरचा अत्याचार उघड झाला, त्यानंतर मुलगी घरी येईपर्यंत माझंही लक्ष रस्त्याकडे असतं. शाळेत कोण येतं, कुठवर येतं, त्याची नोंद कोण ठेवतं, हे आपण विचारलंत तर आम्ही आपल्या बाजूने उभे राहू. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. आपल्या शाळेत त्या समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे मी विचारलं तेव्हा कार्यालयात कुणाला सांगता आलं नाही. समितीचा फलक मात्र आहे.

पण सुरक्षिततेचं कारण सांगणाऱ्या त्याच संस्थेने लग्नसराईसाठी पटांगण आणि दोन वर्गखोल्या भाड्याने दिल्या आहेत. सकाळची शाळा सुटायच्या आत मंडपवाल्यांचा टेम्पो आवारात येतो. एका खोलीचं कोठीघर होतं, दुसरीत नवरदेवाकडची मंडळी उतरतात. त्यांची नावं कुणी लिहून घेत नाही. गेल्या हंगामात दुसरीचा वर्ग चालू असताना बाहेर डीजेची चाचणी सुरू होती. लग्नानंतर दोन दिवस मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, कारण आतली अवस्था दाखवण्यासारखी नव्हती, आणि ते साफ करायला शाळेच्या सेविकामावशींशिवाय कुणी नव्हतं. ज्या पटांगणात अनोळखी तीनशे माणसं जेवून जातात, तिथे ज्यांच्या नाती शिकतात त्या पाच आज्या दुपारपर्यंत बसल्या तर धोका कुणाला आहे? याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

याच भाड्याच्या पायी आणखी एक गोष्ट झाली. कोठीघरासाठी खोली मोकळी करताना हस्तलिखितांचं कपाट व्हरांड्यात काढलं. दर वर्षी पंधरवड्याच्या शेवटी मुली एक हस्तलिखित बांधतात. त्यात कविता थोड्या असतात आणि नोंदी जास्त. कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतलेल्या, कुणी आपल्या विहिरीचं पाणी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किती हात खाली होतं ते लिहिलेलं, कुणी बाजारात केळीच्या फणीचा भाव दर आठवड्याला विचारून मांडलेला. विहिरीची ती नोंद वेगवेगळ्या मुलींनी वर्षानुवर्षं पुढे चालवली आहे. तापीकाठच्या गावात पाणी कसं खोल जात गेलं, हे सांगणारा एवढा सरळ कागद ग्रामपंचायतीतही मिळायचा नाही. त्यातल्या जुन्या तीन वर्षांच्या वह्यांना व्हरांड्यात वाळवी लागली. आपले अध्यक्ष प्रत्येक भाषणात साने गुरुजींचं नाव घेतात. गुरुजी अमळनेरला वसतिगृह सांभाळताना मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे, हेही अध्यक्षांना माहीत असणारच. मग ते कपाट परत आत न्यायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची?

आता ज्या गोष्टीमुळे मला हे पत्र लिहिल्याशिवाय राहवेना, तिच्याकडे येते.

आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल भरतं. त्या दिवशी जुना करार संपतो, नवा ठरतो, आणि मालक बदलला की बिऱ्हाडही गाव बदलतं. आपल्या शाळेत सालदारांच्या मुली आहेत, सातपुड्याच्या पायथ्याकडून येऊन राहिलेल्या पावरा-बारेला आदिवासी घरांतल्या आहेत. वर्षाच्या शेवटी त्यांच्यातल्या काही जाणार हे ठरलेलंच असतं. कोण जाणार, कुठे जाणार, हे शाळेला कोणत्याही ऑनलाइन नोंदीतून आधी कळत नाही. ते कळायचं पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी सगळ्या आया शाळेत यायच्या, कारण लेकीने थापलेला बिबडा आणि लिहिलेलं पान पाहायचं असायचं. बाई प्रत्येकीशी बोलायच्या आणि सहज विचारायच्या, “आखाजीनंतर कुठे?” उत्तर आलं की दाखला तयार व्हायचा, पुढच्या गावच्या शाळेतल्या शिक्षकांना तिथूनच फोन जायचा आणि प्रगतिपुस्तक आईच्या हातात पडायचं.

शिक्षण हक्क कायदा या मुलींच्या बाजूने आहे. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जायचा त्यांना हक्क आहे, दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पण परक्या गावात, शेतातल्या खोपीत उतरलेली आई कायदा हातात घेऊन मुख्याध्यापकांसमोर जात नसते. ती आधी कामावर जाते. जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा पेरणीची घाई असते. पोर घरी राहते, मग राहूनच जाते.

आपण म्हणता निकाल मोबाइलवर येईल. या घरांत मोबाइल एकच असतो आणि तो बापासोबत शेतात जातो. त्यात डेटा असला तर निकाल उघडणार, आणि उघडला तरी वाचणार कोण? शिकलेल्या घरात ही सोय असेल. या घरांत त्याचा अर्थ एवढाच होतो, की शाळेशी शेवटची भेट रद्द झाली. यंदा तर आखाजी एप्रिलातच येते, म्हणजे काही बिऱ्हाडं निकालाआधीच हलणार.

आपली अडचण मला समजत नाही असं नाही. २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या आणि निकाल १ मे रोजी लावायला सांगितले. पूर्वी परीक्षा लवकर आटोपायच्या आणि पंधरवड्याला मोकळे दिवस मिळायचे, ते गेले. शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथीकडे आणायचं ठरल्यापासून पालकही सरावासाठी मागे लागतात, त्यात माझ्या ओळखीचे बरेच आहेत. शिक्षकांना निवडणुकीची कामं लागतात. वेतनेतर अनुदान (पगाराखेरीजच्या खर्चाचं) वेळेवर मिळत नाही, वीजबिल थकतं आणि लग्नाच्या भाड्यातून ते भरलं जातं, हेही मी ऐकून आहे. हे खरं असेल तर तसं सांगा ना. गावाने शाळेसाठी वर्गणी काढलेली आहे, पुन्हा काढेल. सुरक्षिततेच्या नावाखाली आज्यांना बाहेर काढून भाड्याच्या पैशाबद्दल गप्प बसणं, हे मात्र पटत नाही.

उन्हाचं कारण तर मुळीच पटत नाही. खान्देशात एप्रिलात पारा ४४ च्या पुढे जातो, हे नवं नाही आणि कुणी नाकारतही नाही. पण पत्र्याच्या खोलीत बसून सराव प्रश्नपत्रिका सोडवताना ऊन कमी लागतं का? पंधरवडा सकाळी सातला, कडुलिंबाखाली व्हायचा. माठ भरलेले असायचे. आता मुली त्याच वेळेत पत्र्याखाली असतात आणि दोन वर्गांतले पंखे बंद आहेत.

सराव पुस्तिकांबद्दल थोडक्यात. पाठ्यपुस्तकं सरकार मोफत देतं. या पुस्तिकांचे पैसे आमच्याकडून घेतले, पावती मिळाली नाही, आणि ‘ऐच्छिक’ असा शब्द होता तरी न घेणाऱ्या मुलींची नावं वर्गात वाचून दाखवली गेली. तिसरीतल्या पोरीला हे नाव वाचणं किती दिवस पुरतं, ते विचारायचं असेल तर कोणत्याही आईला विचारा.

शिक्षिकांना यात कुणी दोष देऊ नये. त्यांनी आमच्याशी या विषयावर एक शब्द काढलेला नाही आणि या पत्राची त्यांना कल्पना नाही. उद्या त्यांना बोलावून जाब विचारू नये, ही विनंती मी सगळ्यांच्या देखत करते.

आता मागण्या.

पंधरवडा बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा. परीक्षेमुळे पंधरा दिवस मिळत नसतील तर कमी द्या, पण शेवटचा पेपर आणि १ मे यांच्यामधले दिवस मुलींचे राहू द्या. बाकीच्या गोष्टी मार्चच्या शनिवारांत बसवता येतील. ‘आनंददायी शनिवार’ राज्यानेच आणलेला आहे, त्यासाठी वेगळी परवानगी लागणार नाही. पहिल्या सत्रात गुलाबाईचे दिवस पूर्वीसारखे असावेत.

निकाल मोबाइलवर पाठवायचा तर पाठवा, पण प्रगतिपुस्तक आईच्या हातात, शाळेत, तोंडी समजावून द्यावं. ज्या घरांचं साल आखाजीला संपतं त्यांच्या मुलींची यादी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच वर्गशिक्षिकांनी करावी आणि त्यांचे दाखले आखाजीच्या आत तयार असावेत. या कामाला पैसे लागत नाहीत. यादी करायला गिरणीवरून जी मदत लागेल ती मी करीन.

शाळा भरते त्या दिवसांत पटांगण आणि वर्गखोल्या लग्नाला देऊ नयेत. सुट्टीत द्यायच्या असतील तर भाडं किती आलं, कुठे खर्च झालं, हे फलकावर लावावं. स्वच्छतागृहाची सफाई भाडेकरूंकडून, आणि तीही त्याच दिवशी.

आवारात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंद ठेवा, मग ती आजी असो, पालक असो, संचालक असो वा मंडपवाला. सगळ्यांना एकच वही. सखी सावित्री समितीची बैठक या महिन्यात घ्यावी आणि तिच्यातल्या पालक सदस्यांची नावं आम्हाला कळवावीत.

हस्तलिखितांचं कपाट आत घ्यावं. वाळवी लागलेल्या वह्यांतलं जे वाचण्याजोगं आहे ते उतरवून काढायला माजी विद्यार्थिनी तयार आहेत, आम्ही आपसात बोललो आहोत.

पुस्तिकांचे पैसे ज्यांना परत हवे आहेत त्यांना परत द्यावेत.

अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचं काम सल्ल्यापुरतं आहे, हे मला ठाऊक आहे. सल्ला मानायचा की नाही तो अधिकार आपला. पण सल्ला विचारायलाच नको असं कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. त्या समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्यांची बैठक बोलवावी, हा विषय तिच्यासमोर ठेवावा आणि जो काही निर्णय होईल तो कारणांसह लिहून द्यावा.

बैठक एप्रिल लागायच्या आत ठेवावी. बाजाराच्या दिवशी ठेवू नये, त्या दिवशी आम्हाला गिरणी आणि बाकीच्यांना दुकानं सोडता येत नाहीत. संध्याकाळी सहानंतर ठेवलीत तर मजुरीहून परतलेल्या आयाही येऊ शकतील. आणि वेळ कळवताना ग्रुपवर उत्तर लिहायची सोय तेवढी चालू करावी.

आपली,
तिसरीतल्या एका मुलीची आई
आणि शाळेची माजी विद्यार्थिनी